नवसाचं सरबत

सब्जा फुगला होता. नोएलिनने चिमूटभर बोटांवर घेऊन पाहिला; काळ्या दाण्याभोवती काचेसारखा गर धरला होता. तिने तो दुधात सोडला, वर गुलाबाचा पाक ओतला आणि लाकडी पळीने ढवळू लागली. परसातल्या चुलीजवळ एनॅमलची मोठी बादली ठेवलेली होती. तिच्यात ती थोडं थोडं करून सगळं ओतत होती.

"कुणाचं लग्न गं, नोए?" कुंपणापलीकडून जिस्लेनने विचारलं. जिस्लेनला दुधाचा वास आधी यायचा आणि माणूस मागाहून दिसायचा.

"लग्न कुठलं. आज घून निघतो."

जिस्लेन कुंपणाला येऊन टेकली. कपडे वाळत घालायचे सोडून तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आणि तू त्यांच्यात जाणार? अगं, जानेवारीत त्यांनी तुझ्या ढुंगणाखालची खाट ओढून घेतली, आणि तू त्यांना दूध पाजायला निघालीस?"

"खाट माझ्याकडेच आहे. ये बसायला."

"बसते की. पण ते भांडं डोक्यावर घेऊन गेलीस तर परत कोण येईल? भांडं की डोकं?"

"जे येईल ते ठेवून घे तू," नोएलिन म्हणाली. जिस्लेन खळखळून हसली.

नोएलिन पन्नाशीला आलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. बंदराजवळच्या वखारीत साखरेच्या गोणी शिवायचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. तिच्या उजव्या अंगठ्याला दाभणाने घट्टा पडला होता, तो नखाइतका कडक होता. नवरा मासेमारीच्या जहाजावर गेला तो परत आला नाही. मागे राहिला एक मुलगा, आल्सीद. आज जे काही चाललं होतं ते त्याच्यासाठी.

आल्सीदच्या आधी तिला झालेली लेकरं टिकली नव्हती. कुणी महिनाभर राहिलं, कुणी दात येईपर्यंत. तेव्हा ती आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर लुईच्या प्लेन व्हर्त मोहल्ल्यात राहायची. एका बाजूला मुसलमानांची घरं, दुसऱ्या बाजूला आम्हा क्रेओल, म्हणजे काळ्या ख्रिस्ती लोकांची, मधे एका चिनी माणसाचं दुकान, आणि पाण्याचा नळ सगळ्यांचा एकच. आल्सीद जन्मला तो निळाच. पाद्रीबाबांनी घाईघाईने त्याला बाप्तिस्मा देऊन टाकला. तेव्हा शेजारची साफिया चाची आत आली आणि म्हणाली, "नोए, तुझी देवमाता मोठी आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्या दारात गर्दी फार असते. आमच्या इमामसाहेबांना सांगून बघ."

मोहरमचे दिवस होते. साफियाचा नवरा दाऊद चाचा घूनचा, म्हणजे ताबुताचा, मुख्य. बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागद लावून मजल्यावर मजले चढवायचे, आरसे लावायचे, झालरी सोडायच्या, आणि दहाव्या दिवशी तो खांद्यावर घेऊन गावभर फिरवून नदीत सोडायचा, हे त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. नोएलिन ओल्या बाळंतपणात उठून घूनसमोर उभी राहिली आणि बोलली, की हा जगला तर दर वर्षी मी माझ्या कोपऱ्यावर घून वाहणाऱ्यांना सरबत पाजीन, मी आहे तोपर्यंत.

साफियाने तिचं मनगट धरलं होतं. "नुसतं नेऊन ठेवून चालायचं नाही हं. ते प्यायले पाहिजेत. घोट घशाखाली गेला की नवस पोचला. नाहीतर दिलेलं परत मागतात."

आल्सीद जगला. नुसता जगला नाही, चांगला दांडगा झाला. दर वर्षी घून नोएलिनच्या कोपऱ्यावर थांबायचा. दाऊद चाचा पहिला पेला घ्यायचा, मग वाहणारे, मग ताशेवाले. साफियाचे मुलगे इसाक आणि यासीन मोठे झाल्यावर तेही खांदा द्यायला लागले. ते मुद्दाम दोनदा प्यायचे आणि इसाक ओरडायचा, "आल्सीद, तुझं आयुष्य दुप्पट केलं रे, आता म्हातारपणी आम्हाला सांभाळ!"

मग मतदान आलं, आणि नळावरचं बोलणं बदललं. देश स्वतंत्र व्हावा म्हणणारे एका बाजूला, नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आमच्यातले बहुतेक नको म्हणणारे. इंग्रज गेले की आपल्याला कोण विचारतो, अशी भीती होती. आल्सीद नको म्हणणाऱ्या निळ्या पक्षाचा रुमाल गळ्यात बांधून फिरायचा. होय म्हणणारे जिंकले. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारीत, शहरात आमच्यात आणि मुसलमानांत मारामाऱ्या पेटल्या. कशावरून, ते अजून कुणी नीट सांगू शकत नाही. कुणी म्हणतं गुंडांच्या दोन टोळ्यांचं भांडण, कुणी म्हणतं मागून पैसा आला. घरं जळली, माणसं मेली, आणि गोरे शिपाई आले.

प्लेन व्हर्तमधले क्रेओल उठून नदीपलीकडच्या रोश ब्वा मोहल्ल्यात आले. रोश ब्वातले मुसलमान उठून प्लेन व्हर्तला गेले. पोलिसांच्या गाड्या उभ्या राहायच्या आणि माणसं घरांची अदलाबदल करायची, जसं काही बाजारात कोंबड्या बदलतात. नोएलिनच्या घरात रहिमन नावाची बाई राहायला गेली आणि रहिमनच्या पत्र्याच्या घरात नोएलिन आली. किल्ल्या हातात देताना दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

त्याच दिवसांत साफियाचा धाकटा, यासीन, गेला. रोश ब्वाच्या रस्त्यावर दोघा भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी जमावाने ते पेटवलं. इसाक मागच्या बाजूने निसटला, यासीनला जमलं नाही. नोएलिनला ही बातमी वखारीत कळली. दाभण हातात तसंच राहिलं. तिने मयतीला जायचं म्हटलं तर संचारबंदी, आणि संचारबंदी उठली तेव्हा आल्सीद दारात आडवा झाला. "तिकडे पाऊल टाकायचं नाही, मम्मा. जिवंत यायची नाहीस." त्या संध्याकाळी तू कुठे होतास, असं तिने विचारलं होतं. "गोदीत," तो म्हणाला होता. तिने चर्चमध्ये यासीनच्या नावाने मेणबत्ती लावली.

मार्चमध्ये स्वातंत्र्य आलं. भर दुपारी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जुना झेंडा उतरवून नवा चढवला. तोफा सुटल्या, तेव्हा रोश ब्वातल्या बायकांनी गल्लीतली पोरं उचलून घरात नेली आणि दारांना कड्या घातल्या. पुन्हा सुरू झालं, असंच सगळ्यांना वाटलं. बऱ्याच वेळाने कुणीतरी ओरडत गेलं, की अरे, या आनंदाच्या तोफा आहेत. तरी दारं कुणी उघडली नाहीत. आल्सीद दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

दुसऱ्या दिवशी वखारीत प्रत्येकीला एक कागदी झेंडा मिळाला. गोणीच्या ढिगावर बसलेली तेलुगू आपाम्मा झेंडा पदराच्या टोकाला खोचत म्हणाली, "चला, साहेब गेले. आता गोण्या आपोआप शिवल्या जातील."

"साहेब कुठे गेले? तो काय वर बसलाय," कुणीतरी म्हणालं.

"तो साहेब नाही, तो हिशेबनीस."

"मग साहेब कोण?"

"ते कळलं की सांगते," आपाम्मा म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा शिवायला लागल्या.

आता एप्रिल. मोहरमचा दहावा दिवस.

बादलीवर झाकण बसवून नोएलिन ते फडक्याने बांधत होती, तेवढ्यात आल्सीद बाहेर आला. साखरेचा हंगाम नसल्याने गोदीत काम नव्हतं. तो उशिरापर्यंत झोपायचा, पण झोपल्यासारखा दिसायचा नाही. गाल आत गेले होते. जानेवारीपासून त्याचं जेवण तुटलं होतं. नोएलिनला वाटायचं, घर सुटल्याचं दुःख आहे, होईल ठीक.

त्याने बादलीकडे पाहिलं.

"काय आहे हे?"

"तुला माहीत आहे काय आहे ते."

"मम्मा, तू वेडी झालीस का? तिकडे जायचं नाही असं सांगितलंय ना?"

"आज घून आहे."

"असू दे. ओत ते. गल्लीतल्या पोरांना पाज."

"गल्लीतल्या पोरांचा नवस नव्हता. तुझा होता."

"मला नको नवस! मी काय तान्हा आहे?" त्याचा आवाज चढला. कुंपणापलीकडे जिस्लेनने वाळत घातलेला तोच कपडा पुन्हा झटकला. "तुझ्या हातचं कुणी पिणार नाही. कळतंय का? कुणी हातसुद्धा लावणार नाही."

"का लावणार नाहीत? दाऊद चाचा आहे, साफिया आहे. माणसं तीच आहेत."

"माणसं ती नाहीत."

"मग मी जाऊन बघते ती कोण आहेत ते."

तो पुढे झाला. तिला वाटलं बादली उलथतो की काय. तिने दोन्ही हात झाकणावर ठेवले. तो मात्र बादलीला शिवला नाही. तिथेच उभा राहून तिच्या हातांकडे बघत राहिला, आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "नाही प्यायले तर?"

"काय?"

"नाही प्यायले तर काय होतं, मम्मा?"

लहानपणीही त्याने हे कधी विचारलं नव्हतं. नोएलिनने फडक्याची गाठ मारली.

"प्यायल्याशिवाय मी हलणार नाही तिथून. तू पेज आहे ती खाऊन घे."

तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, जिस्लेनला हाक मारली, आणि जिस्लेनने मुकाट्याने येऊन बादली तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला. "देवमाता सांभाळो," ती म्हणाली. "आणि ते इमाम की कोण, तेही सांभाळोत. आज थट्टा नाही करत."

दोन मोहल्ल्यांमधल्या पुलावर शिपायांचा पहारा असायचा. ते उगाच अडवतील म्हणून नोएलिन खाली नदीच्या पात्रात उतरली. पाणी घोट्याएवढं होतं. दगडांवरून पाय सांभाळत ती पलीकडे गेली आणि झोपड्यांच्या मागून वर चढली. पलीकडच्या गल्लीत शिरली तेव्हा दारात बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. कुणी वाट अडवली नाही. ती मधून चालत राहिली. डोक्यावर ओझं असलं की माणसाला मान खाली घालता येत नाही, त्याचं तिला बरं वाटलं.

तिच्या जुन्या घराला निळा रंग होता, तो आता हिरवा झाला होता. दारात रहिमन तांदूळ निवडत होती. नोएलिनने बादली उतरवली, तेव्हा ती उठली, पण हात लावायला पुढे आली नाही.

"माझ्या पेरूला पाणी घालतेस का?" रहिमनने विचारलं.

"घालते. फुलं धरलीत."

"त्याला राख लागते. बुंध्याशी टाकायची. नाहीतर आत किडे पडतात."

"टाकीन."

"तुझ्या घराचं दार लागत नाही."

"उचलून लावायचं. वर उचलायचं आणि मग ढकलायचं."

रहिमनने मान हलवली. मग बादलीकडे बघून म्हणाली, "तांतीन, तू यायला नको होतंस." आमच्याकडे मोठ्या बाईला सगळ्या जातीचे लोक तांतीनच म्हणतात, मावशी म्हणावं तसं. पण तिच्या तोंडी तो शब्द ऐकून नोएलिनला धीर आला.

"पाजते आणि जाते," ती म्हणाली.

रहिमन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दार लागलं नाही. मग आतून ते उचलून लावल्याचा आवाज आला.

ताशे ऐकू आले. या वर्षी घून लहान होता. नेहमी तो विजेच्या तारांना लागायचा आणि पुढे एकजण काठीने तारा उचलत चालायचा; आज काठीवाला नव्हता. माणसंही कमी होती. मागेपुढे पोलीस. पूर्वी घूनमागे आमची माणसं असायची, तामिळ असायचे, चिनी दुकानदार फळीवरून खाली उतरून उभा राहायचा. आज एकच रांग होती. पुढे पांढऱ्या टोपीत दाऊद चाचा चालत होता. त्याची दाढी दाट होती, ती कशी कोण जाणे विरळ दिसत होती. घूनच्या उजव्या दांडीखाली इसाक होता.

नोएलिनने झाकण काढलं आणि पेला भरला. कोपऱ्यावर, नेहमीच्याच जागी ती उभी राहिली.

दाऊद चाचाने तिला लांबूनच पाहिलं असणार. सवयीने त्याचा हात वर गेला आणि ताशे थांबले. घून थांबला. कागदाच्या झालरी वाऱ्यावर वाजत होत्या, तेवढाच आवाज.

"सलाम, चाचा," नोएलिन म्हणाली आणि पेला पुढे केला.

चाचाचा हात उठला. पेल्यापर्यंत आलाही असता. पण मागून इसाक म्हणाला, "अब्बा."

त्याने खांदा काढला. दुसऱ्या एकाने त्याच्या जागी खांदा दिला. इसाक पुढे आला. त्याचा चेहरा तिने लहानपणी किती वेळा पुसला होता. कानापासून मानेपर्यंत भाजल्याची कातडी होती, गुलाबी, ताणलेली.

"तांतीन, परत जा."

"जाते, पोरा. एक घोट घे. यासीनसाठी मी मेणबत्ती..."

"यासीनचं नाव नको."

"मी यायला हवं होतं. मला येऊ दिलं नाही रे. आल्सीद म्हणाला..."

"काय म्हणाला आल्सीद?" इसाक आणखी पुढे आला. त्याचा आवाज मोठा नव्हता. "कुठे होता म्हणाला?"

"गोदीत."

कुणीतरी मागे हसल्यासारखा आवाज केला. इसाकने मागे वळून पाहिलं, तो आवाज बंद झाला.

"दुकानाच्या दारात होता तो. जमाव आला तेव्हा पुढच्या रांगेत. मी त्याला नाव घेऊन हाक मारली, तांतीन. आल्सीद, दार मोकळं कर म्हटलं. मला वाटलं, आम्हाला काढायला आलाय." तो थांबला. "त्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. आणि तोंड फिरवलं."

पेला नोएलिनच्या हातात होता. सरबत हिंदकळून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

"खोटं आहे," ती म्हणाली. पण ते तिने स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू म्हटलं, कारण त्याच क्षणी तिला आल्सीदचं सकाळचं विचारणं आठवलं, नाही प्यायले तर काय होतं.

"आम्ही इतकी वर्षं त्याच्या आयुष्यासाठी प्यायलो," इसाक म्हणाला. "यासीन तर दोन दोन पेले प्यायचा. आता पण पिऊ म्हणतेस?"

दाऊद चाचा जमिनीकडे बघत होता. वाहणाऱ्यांचे खांदे भरून आले होते. कुणीतरी पाय बदलला आणि घून किंचित कलला.

तेव्हा पलीकडच्या दारातून साफिया बाहेर आली. डोक्यावरची ओढणी पांढरी. ती रस्ता ओलांडून सरळ नोएलिनपाशी आली आणि तिच्या हातातला पेला तिने घेतला. साफियाने पेला दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. ओठांपर्यंत नेला, आणि खाली आणला.

"चाची," नोएलिन म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"यासीनचा चाळिसावा दिवस व्हायच्या आधीच कळलं होतं. तुला कळू नये असं वाटत होतं."

"मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ मला..."

"तुला माहीत नव्हतं, ते मला माहीत आहे." साफियाने पेला तिच्या हातात परत दिला आणि तिची बोटं त्याभोवती नीट बसवली, सांडू नये म्हणून. "नोए, तुझा मुलगा जगू दे. मी शाप दिलेला नाही. निजताना ओठावर यायचा, मी गिळला. पण तो जगावा हे माझ्या तोंडाने मागू नकोस. माझा घसा उघडत नाही."

ती परत रस्ता ओलांडून गेली. दाऊद चाचाने हात हलवला. ताशे सुरू झाले. घून उचलला गेला आणि नोएलिनच्या बाजूने, अगदी हाताच्या अंतरावरून, पुढे गेला. शेवटचा ताशेवाला म्हातारा होता. जाताना त्याने बादलीत डोकावून पाहिलं, जिभेने ओठ ओले केले आणि चालू लागला.

बादली डोक्यावर चढवायला आता कुणी नव्हतं. तिने ती कमरेवर घेतली, मग हातात घेतली, मग दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली. नदीत उतरायची ताकद राहिली नव्हती. ती सरळ मोठ्या रस्त्याने निघाली. वाटेत ओतून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तिला वाटलं, आपण दूध नाही, दुसरंच काहीतरी ओततोय. तिने ओतलं नाही.

पुलाच्या तोंडाशी वाळूची पोती रचलेली होती. तिने सवयीने पोत्यांची शिवण पाहिली. टाके लांब होते, कुणी घाईत शिवलेली. चौकीवर नवा चार रंगांचा झेंडा होता आणि खाली अजून तेच गोरे शिपाई. उन्हाने त्यांची नाकं सोललेली. एकाने हात आडवा करून तिला थांबवलं आणि बादलीकडे बोट दाखवलं. काहीतरी विचारलं. तिला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. जानेवारीत बायकाही भांड्यांतून रॉकेल नेत असल्याचं बोललं जायचं. तिने बादली खाली ठेवून झाकण काढलं.

शिपाई वाकला, त्याने वास घेतला. मग तिच्याकडे बघून त्याने हाताने पिण्याची खूण केली. आधी तू.

सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिने पेला बुडवला आणि घोट घेतला. गोड होतं. पाक अंमळ जास्तच पडला होता. शिपायाने थोडी वाट पाहिली, तिला काही होत नाही असं बघितलं आणि हसला. अगदीच कोवळा होता तो, दाढीही नीट आली नव्हती. त्याने तिच्या हातातला पेला घेतला, भरला आणि मान मागे टाकून एका दमात प्यायला. त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. नोएलिन त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

त्याने बाकीच्यांना हाक मारली. ते बंदुका पोत्यांना टेकवून आले. एक प्यायला, दुसरा प्यायला. एकाने सब्जा बोटावर घेऊन हे काय बेडकाची अंडी, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले, पण प्यायले. पहिला परत आला आणि दुसऱ्यांदा प्यायला. "थँक्यू, मम्मा," तो म्हणाला. शेवटी त्यांनी बादली तिरकी करून तळाचंही काढलं. मग एकाने झाकण नीट बसवून, फडकं गुंडाळून, बादली तिच्या हातात दिली आणि पुलाकडे हात केला. जा.

ती पूल ओलांडून गेली. घोट घशाखाली गेला होता. कुणाच्या घशाखाली गेलेला चालतो, हे तिने तेव्हा विचारलं नव्हतं. विचारायचं तर साफियालाच विचारायला हवं होतं.

आल्सीद दाराच्या पायरीवर बसला होता. ती गेली तेव्हापासून तिथेच असावा. पेज झाकलेली तशीच होती. कुंपणावर जिस्लेन होती, पण नोएलिनचा चेहरा बघून ती आत गेली.

त्याने बादली घेतली. हलकी लागली. फडकं सोडून त्याने आत पाहिलं, आणि वर तिच्याकडे पाहिलं.

"प्यायले?"

"प्यायले."

"सगळे?"

"बादली रिकामी आहे ना."

तो बादलीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"इसाक होता?"

"होता."

"तो प्यायला?"

नोएलिनने डोक्यावरचा रुमाल सोडला, झटकला आणि त्याची घडी घातली.

"प्यायला," ती म्हणाली.

आल्सीदचा चेहरा वाकडा झाला, रडायच्या आधी लहान मुलाचा होतो तसा. पण तो रडला नाही. त्याने छातीतून मोठा श्वास सोडला आणि पाठ भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मम्मा, भूक लागली."

तिने चूल पेटवली. भात टाकला, खारवलेला मासा तळला, टोमॅटोची चटणी केली. तो पाटावर बसून जेवला. कितीतरी महिन्यांनी तो असा जेवत होता, मोठे घास घेऊन, काट्यांसकट मासा चावून. त्याच्या गालाला रंग येताना तिला समोर दिसत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि तिने काहीही विचारलं नाही. विचारायचं होतं ते तिच्या घशाशी येऊन बसलं होतं, आणि तो जेवत असेपर्यंत ते तिथेच राहणार होतं.

"अजून आहे?" त्याने ताट पुढे केलं.

तिने पातेलं कलतं धरलं आणि तळाचा करपलेला भातही खरवडून त्याला वाढला.